प्रत्यय नसलेले हुकूम

माझी नजर एकदम गेली नाही. ती कडांकडून आत सरकत गेली. आधी अंधार पडल्यावर दिसेनासं झालं, मग दिवसाही बाजूनं येणारं माणूस अंगावर येईपर्यंत कळेना. सेनगावच्या बसस्टँडवर मी उभ्या मोटारसायकलींना धडकायला लागले, तेव्हा ओळखीच्या बाया म्हणायच्या, मॅडमचं ध्यान कुठं असतं कोण जाणे. नांदेडच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, की डोळ्याचा आतला पडदा हळूहळू निकामी होत चाललाय, त्यावर औषध नाही. 

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नववी-दहावीचं व्याकरण पहिल्यापासून माझ्याकडे. प्रयोग, समास, विभक्ती हे मुलांना रुक्ष वाटतं, मला कधीच वाटलं नाही. पण पुस्तकातली ओळ एका वेळी दोन-तीन अक्षरांएवढीच दिसायला लागली, फळ्यावरच्या माझ्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. माणूस चांगला होता. म्हणाले, ग्रंथालय तुमच्याकडे देऊ, तास बाकीच्यांना वाटून देऊ, पगाराला काही धक्का लागणार नाही. त्यांनी मनापासून सुचवलं होतं. पण जिथली पुस्तकंच दिसत नाहीत तिथं दिवसभर बसून मी करणार काय होते? मी म्हटलं, सर, शिकवायला मला डोळे लागत नाहीत, व्याकरण तोंडपाठ आहे. अडतं ते पेपर काढण्यापाशी, लिहिण्यापाशी. तेवढं मला जमवू द्या. ते म्हणाले, सहामाहीपर्यंत बघू.

आमची थोडी शेती आहे, थोडी हळद असते. ती विकायला नवरा वसमतच्या मार्केट यार्डात जातो. ज्या अडत्याकडे आमची हळद जाते त्याच्यापाशी नवऱ्यानं माझ्या डोळ्यांचा विषय काढला. तो म्हणाला, माझा धाकटा भाऊ जन्मापासून आंधळा आहे, पुण्याच्या एका कंपनीची कॉम्प्युटरं घरी बसून सांभाळतो. घेऊन या बाईंना. नवरा घरी येऊन हे सांगताना जरा बिचकत होता. आंधळा हा शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. सेनगावहून हिंगोली, हिंगोलीहून औंढ्यावरून वसमत. हळदीचा हंगाम होता. गावात शिरतानाच शिजवलेल्या हळदीचा उग्र वास बसमध्ये आला. अडत्याचं घर यार्डापासून जवळ, एका बोळात. वरच्या खोलीत त्याचा भाऊ बसला होता. तिशीतला असेल. त्याला सगळे भाई म्हणत, मीही भाईच म्हणायला लागले; तो मला बाई म्हणायचा. खोलीत दिवा लावलेला नव्हता, खिडकीचं दार लोटलेलं होतं. नवऱ्यानं लाईट कुठं आहे म्हणून विचारलं, तेव्हा भाई हसला. म्हणाला, माफ करा, मला ध्यानातच राहत न्हाई.

त्यानं माझ्यासमोर नुसता कीबोर्ड सरकवला. पडदा होता, पण तो काळा, त्यावर चित्रं नव्हती. यंत्र जे लिहिलं जाईल ते वाचून दाखवायचं, एका कोरड्या, भरभर बोलणाऱ्या आवाजात. मी म्हटलं, शाळेतल्या कॉम्प्युटरवर तर चित्रं असतात, बाण फिरवून त्यांवर टिचकी मारतात. तो म्हणाला, "तेही शिकवतो पुढं. त्याच्यावरही बोलणारं यंत्र बसवता येतं. पण त्यात चित्र कुठं हाय ते शोधत फिरावं लागतं. इथं शोधायचं काही न्हाई. तुमी हुकूम द्यायचा, त्यानं बजावायचा."

हुकूम हा त्याचा शब्द. आमच्या भागात आजही कलेक्टरचा हुकूम निघतो, आदेश छापील कागदावर असतो. मला तो शब्द लगेच बरा वाटला.

पहिल्या दिवशी त्यानं मला चार हुकूम दिले. एलएस, सीडी, सीपी, आरएम. एलएस दिलं की काय काय ठेवलंय ते यंत्र वाचतं, सीडी दिलं की एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाता येतं, सीपीनं नक्कल होते, आरएमनं फाईल जाते. घरी जाऊन पाठ करा म्हणाला. मी घरी जाऊन पाठ करायला बसले आणि माझं डोकं तापलं. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, की तक्ता घोकू नका, आधी अर्थ समजून घ्या. आणि इथं मी स्वतः एलएस, सीडी असं जप केल्यासारखं पुटपुटत होते. नवरा जेवताना म्हणाला, मंत्र चालू हाय का. मी पुढच्या रविवारी भाईला स्पष्ट सांगितलं, मला प्रत्येक शब्दाचा अर्थ पाहिजे. कुठून आला, पूर्ण रूप काय, असा तुटका का.

भाई थोडा गोंधळला. तो ते शब्द अंधशाळेतून बाहेर पडल्यावर कानानंच शिकला होता, नुसते आवाज म्हणून. सीपी म्हणजे नक्कल, एवढं त्याला पुरत होतं. पण त्याला इंग्रजी चांगली येत होती आणि माझ्यामुळे त्यालाही कुतूहल लागलं. त्यानं सांगितलं, की एलएस म्हणजे लिस्ट, सीडी म्हणजे चेंज डिरेक्टरी, कप्पा बदल, सीपी म्हणजे कॉपी, आरएम म्हणजे रिमूव्ह, आणि फाईल हलवायचा एक नवा हुकूम एमव्ही म्हणजे मूव्ह. फार पूर्वी ही यंत्रं टाइपरायटरसारख्या खटखट करणाऱ्या उपकरणांवर चालवत. एकेक अक्षर छापायला वेळ लागायचा, बोटं दुखायची. म्हणून लोकांनी शब्द छाटले.

मी ते शब्द मनात लिहून बघितले आणि माझ्या लक्षात आलं, की छाटताना त्यांनी बहुतेक स्वरच छाटलेत. कॉपीतला ओ गेला, मूव्हमधला ओ गेला, मागं व्यंजनं राहिली. मी भाईला म्हटलं, आमच्या व्याकरणात नुसत्या व्यंजनाचा उच्चार करता येत नाही, त्याला स्वराचा टेकू लागतो. स्वर काढला की अक्षराचा पाय मोडला म्हणतात. हे तर सगळे पायमोडके शब्द झाले.  मग त्यानं आईला हाक मारली. त्याची आई चहा घेऊन वर आली होती, दारातच उभी होती. तिला उर्दू वाचता येते. भाईनं तिला विचारलं, की अम्मी, उर्दूत जेर-जबर लिहितात का? ती म्हणाली, बच्चों की किताब में लिखते, बड़ों की में कौन लिखता. अंदाजे से पढ़ लेते. म्हणजे उर्दूतही ऱ्हस्व स्वरांच्या या खुणा लिहीतच नाहीत, वाचणारा ते स्वतः भरून घेतो. भाईनं कधी कुठलंच अक्षर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, त्याला आपल्या घरातली ही गोष्ट ठाऊक होती ती फक्त ऐकून. त्यानंतर त्यानं मला पाठ करा असं कधी सांगितलं नाही. तो शब्द सांगायचा आणि थांबायचा, मी काय विचारते त्याची वाट बघत.

एका रविवारी त्यानं कॅट हा हुकूम सांगितला. फाईलमधला मजकूर वाचून दाखवायला तो वापरतात. मी म्हटलं, मांजर कशाला? तो म्हणाला, मांजर न्हाई, कॉन्कॅटिनेट. एकापुढं एक जोडणं. दोन फाईली दिल्या तर हा हुकूम त्या जोडून एकत्र वाचतो. एकच दिली तर एकच वाचतो, म्हणून सगळे वाचायला वापरतात. मी त्याला सांगितलं, की याला मराठीत संधी म्हणतात. विद्या आणि आलय जोडले की विद्यालय. त्याला हे माहीत नव्हतं. अंधशाळेत मराठी होती, पण संधीच्या वेळेला बहुतेक तो आजारी होता म्हणाला. मग त्या दिवशी अर्धा तास यंत्र बाजूला राहिलं आणि मी त्याला स्वरसंधी शिकवली. सूर्योदय, महर्षी, एकेक शब्द तो तोंडानं फोडून बघत होता. नवरा खाली अडत्याशी बोलत बसला होता, तो वर येऊन म्हणाला, कोण कुणाला शिकवून राहिलं, मला कळेना.

सगळ्यात जास्त मला एमव्ही या हुकमानं विचारात पाडलं. फाईल एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवायची तर एमव्ही. मग मी विचारलं, फाईलचं नाव बदलायचं असेल तर? भाई म्हणाला, तेव्हाही एमव्हीच. मला वाटलं तो चुकून बोलला. त्यानं समजावलं, की यंत्राच्या हिशेबानं फाईलचं नाव हाच तिचा पत्ता. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर नेली, की जागा बदलली काय आणि नाव बदललं काय, काम एकच. मी लग्नानंतर सेनगावला आले तेव्हा घर बदललं, आडनाव बदललं, आणि उखाणा घ्यायच्या आधी सासऱ्यांनी ठरवलेलं माझं नवं नावही नवऱ्यानं तांदळात लिहिलं होतं. ते मला काही फारसं खुपलं नव्हतं, तेव्हा सगळ्या मुलींचं असंच व्हायचं. पण या दोन कामांना एकच शब्द पुरतो हे यंत्राकडून कळल्यावर मी हसले. भाईनं का हसल्या म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, मोठ्या बहिणीचंही नाव बदललं होतं सासरी, मी फोनवर जुन्याच नावानं हाक मारतो.

हे हुकूम म्हणजे सगळे आज्ञार्थ, हे तर मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. इंग्रजीत आज्ञा करायची तर धातू जसाच्या तसा उच्चारतात. मराठीतही तसंच आहे, पण फक्त तू म्हणताना. ये, बस, कर, हे नुसते धातूच. समोरच्याला मान द्यायचा तर त्याला शेपूट लागतं, या, बसा, करा. म्हणजे मी यंत्राला एकेरीत बोलत होते. भाईला एकेरी बरोबर वाटायची, नोकराशी बोलल्यासारखी. मला ती वेगळी लागायची. आपण आईलाही तू म्हणतो, देवालाही तू म्हणतो. मी यंत्राला त्या तू-नं बोलत नव्हते, पण नोकराच्याही तू-नं नाही. शाळेतल्या पोरांना म्हणते तसं काहीतरी होतं ते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाईनं माझ्यासाठी एक जुना लॅपटॉप तयार करून दिला. त्यात मराठी बोलणारा आवाजही बसवला. मराठी टाइप करायला शिकायला मला वेळ लागला, पण एकदा बोटांना कळा समजल्या की शब्द लिहिताना आवाज त्याचं अक्षर अक्षर सांगायचा, आणि मला चूक कळायची. मी सहामाहीचा नववीचा व्याकरणाचा पेपर त्यावर तयार करायला घेतला. मुख्याध्यापकांनी दिलेली मुदत तीच होती. अर्धा पेपर झाला तेव्हा एक नक्कल पेनड्राइव्हवर ठेवून दिली होती. पुढं पूर्ण पेपर केला, पुन्हा पुन्हा ऐकला, आणि शाळेत न्यायच्या सकाळी पूर्ण पेपरची नक्कल पेनड्राइव्हवर करायला बसले.

मनात वाक्य मराठीत होतं, पेनड्राइव्हवर पेपर टाक. म्हणून मी सीपी लिहिलं, मग आधी पेनड्राइव्हवरच्या पेपरचा पत्ता दिला आणि मग घरातल्या, म्हणजे लॅपटॉपमधल्या, पेपरचा. हुकूम दिला. या यंत्राची एक रीत आहे, काम नीट झालं की ते काही सांगत नाही. नुसतं पुढच्या हुकमाला तयार होतं. चुकलं तरच तक्रार करतं. ते गप्प राहिलं, म्हणून मी समजले की झालं. पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि शाळेत गेले.

शाळेच्या क्लार्कनं त्यातला पेपर उघडून छापून घेतला आणि मुख्याध्यापकांकडे नेला. थोड्या वेळानं मला बोलावणं आलं. सर म्हणाले, मॅडम, यात दोनच प्रश्न आहेत. मला वाटलं छपाईत काही झालं असेल. क्लार्कनं फाईल पुन्हा उघडून वाचून दाखवली. दोनच प्रश्न. तो अर्धा झालेला जुना पेपर होता. सरांनी आवाज खाली आणून विचारलं, पेपर दुसऱ्या कुणाला देऊ का? तुम्ही तोंडी परीक्षा बघा. मी म्हटलं, घरी पूर्ण पेपर आहे सर, उद्या सकाळी देते.

घरी येऊन लॅपटॉप उघडला, पेपर वाचायला सांगितला. आवाजानं दोन प्रश्न वाचले आणि तो थांबला. मी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा तेवढंच. तिथंही दोनच प्रश्न उरले होते. मी भाईला फोन लावला. नेमकं काय लिहिलं ते त्यानं शब्दाशब्दानं विचारून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुमी उलटं सांगितलं. आधी कुठून ते सांगायचं, मग कुठं ते. तुमी अर्ध्याची नक्कल पुऱ्यावर टाकली." मी विचारलं, परत मिळेल का. तो म्हणाला, न्हाई. मग म्हणाला, मी तुम्हाला विचारून करणारा हुकूम लावून द्यायला पाहिजे होता, माझ्या ध्यानात आलं न्हाई.

मी फोन ठेवला आणि तशीच बसले. पेपरचं दुःख होतंच, पण राग दुसऱ्या गोष्टीचा जास्त होता. पंचवीस-तीस वर्षं मी ज्या विषयावर पोट भरलं, त्याच विषयात मला यंत्रानं पकडलं होतं. मराठीत पेनड्राइव्हवर पेपर टाक म्हणा, पेपर पेनड्राइव्हवर टाक म्हणा, टाक पेपर पेनड्राइव्हवर म्हणा, अर्थ बदलत नाही. कारण ‘वर’ हा शब्द पेनड्राइव्हला चिकटलेला असतो, तो कुठंही गेला तरी सांगतो की टाकायचं ते यावर. शब्दांना मोकळं फिरता येतं ते या शेपटांमुळे. त्या हुकमात शेपटं नव्हती. तिथं कोण कुणावर जाणार हे नुसत्या जागेवरून ठरत होतं. पहिला तो जाणारा, दुसरा तो घेणारा. इंग्रजीतही बरंचसं असंच आहे, हे मी विसरले होते. मी मुलांना हे कितीदा सांगितलं असेल, की राम रावणाला मारतो यातला ‘ला’ काढून टाकला तर कोण मेला ते कळणार नाही.

नवरा दुकानातून आला तेव्हा मी त्याच जागी होते. तो खतं-बियाण्यांचं दुकान चालवतो, कॉम्प्युटरशी त्याचा संबंध बिलापुरता. त्यानं पाणी आणून दिलं आणि म्हणाला, आता बसून काय होणार, सांग, मी लिहून घेतो कागदावर. मी नको म्हटलं. मला स्वतःच लिहायचा होता. त्यानं स्वयंपाक केला, खिचडी आणि पापड, आणि मी पेपर पुन्हा लिहायला घेतला. बरेचसे प्रश्न आठवले. एकदोन आठवले नाहीत, ते नवे काढले. जेवणं होण्याआधी पेपर संपला होता. या वेळी नक्कल करताना मी तोंडानं म्हणत होते, घरातून, पेनड्राइव्हवर. मनातल्या मनात प्रत्यय लावून. मग पेनड्राइव्हवरचा पेपर पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत नवऱ्याला ऐकवला. तो म्हणाला, पाचवा प्रश्न मला न्हाई येणार.

पेपर गेला, परीक्षा झाली. मुख्याध्यापकांनी ग्रंथालयाचा विषय पुन्हा काढला नाही. वर्गात मी आता मुलांकडून उत्तरं मोठ्यानं वाचून घेते, त्यामुळे त्यांचे उच्चारही कळतात आणि कोण दुसऱ्याचं बघून लिहितं तेही. भाईनं माझ्या यंत्रावर असं करून दिलं, की एका फाईलवर दुसरी जाणार असेल तर ते आधी विचारतं. मी अजूनही हुकूम देताना वर, तून, ला असं पुटपुटते.

त्यानंतर भाईनंच एक गोष्ट सुचवली. या प्रत्येक हुकमामागं एक माहितीचं पान असतं, मॅन असं लिहून हुकमाचं नाव दिलं की ते उघडतं. मॅन म्हणजे मॅन्युअल, मला आधी वाटलं होतं तसं पुरुष नव्हे. ती पानं इंग्रजीत आहेत. आपण नेहमी लागणाऱ्या हुकमांची अशी पानं मराठीत लिहू, म्हणाला, म्हणजे आपल्यासारख्या दुसऱ्या कुणाला शिकवता येईल. मला ते पटलं. आम्ही फोनवर आणि रविवारी मिळून लिहायला लागलो आणि पहिल्याच ओळीवर अडलो.

इंग्रजी पानावर सीपीसमोर अर्थ दिला होता तो आज्ञार्थातच, फाईलींची नक्कल कर, अशा धाटणीचा. भाई म्हणाला, मराठीत नक्कल करा असं लिहू, मोबाईलमध्येही तसंच असतं, जतन करा, रद्द करा. मी म्हटलं, नक्कल करतो असं लिहू. हुकूम काय करतो ते सांगतोय आपण. आणि हुकूम पुल्लिंगी, म्हणून करतो; आज्ञा म्हटलं असतं तर करते लिहिलं असतं. भाईला ते पुस्तकी वाटलं. करा मध्ये अदब आहे म्हणाला. यावर आमचे दोन-तीन रविवार गेले. कुणी मागं हटेना. शेवटी काही पानं त्याच्या पद्धतीनं लिहिली, काही माझ्या.

दिवाळीनंतर माझ्याकडे एक माणूस आला. गोरेगावकडच्या एका तांड्यावरचा. गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचा. जीपची बॅटरी तपासताना ती फुटली आणि आतलं तेजाब, ॲसिड, डोळ्यांत गेलं. एका डोळ्यानं थोडा उजेड कळतो, तेवढंच. त्याची बायको त्याला घेऊन आली होती. तिनं माझ्याबद्दल नवऱ्याच्या दुकानात ऐकलं होतं. तो बसला तो अवघडून. म्हणाला, आमाला काय येणार न्हाई मॅडम, बारावी नापास हाय. मी म्हटलं, बसा तर खरं. मी त्याला कीबोर्ड दिला, भाईनं मला दिला होता तसाच, आणि आमचं आरएमचं पान यंत्राला वाचायला सांगितलं. ते पान भाईच्या पद्धतीचं होतं. आवाज म्हणाला, फाईल काढून टाका.

त्यानं हात कीबोर्डवरून उचलून घेतले.

"मी काहून काढू?" तो म्हणाला. "मी तर अजून काही ठेवलंच न्हाई."

त्याची बायको हसली. मी पान पुन्हा ऐकवलं. त्याला प्रामाणिकपणे कळत नव्हतं, की हे टाका कुणाला म्हणून राहिले. यंत्र त्याला सांगत होतं, की त्यानं यंत्राला सांगायचं होतं? बोलणारं तर यंत्र होतं. मी त्याला समजावलं, तेव्हा त्यानं विचारलं, मग तसं बोलत काहून न्हाई? मी त्याच संध्याकाळी भाईला फोन केला आणि घडलं ते सांगितलं. मला जिंकल्याचा आनंद लपवता येत नव्हता, आणि तो त्याला ऐकू आला असणार. तो म्हणाला, ठीक हाय बाई, करतो. सगळीकडे करतो. पुढच्या रविवारपर्यंत त्यानं सगळी पानं माझ्या पद्धतीनं बदलली होती.

तो जीपवाला आठवड्यातून एकदा यायला लागला, बाजाराच्या दिवशी, बायकोबरोबर. त्याच्या घरची बोली वेगळी, मराठी त्याला शाळेतली आणि स्टँडवरची. तो प्रत्येक हुकमाला आधी आपल्या बोलीत काहीतरी म्हणायचा, मग बोटं चालवायचा. पत्ते त्याला चटकन जमले. या कप्प्यातून निघायचं, त्या कप्प्यात शिरायचं, मधला फाटा घ्यायचा नाही, हे त्याचं रोजचंच काम होतं. आधी कुठून आणि मग कुठं, हेही त्याला सांगावं लागलं नाही. त्याची जीप गोरेगाव-सेनगाव म्हणत ओरडायची, उलट कुणी म्हणत नसे. मला जे कळायला एक अख्खा पेपर घालवावा लागला, ते त्याला तोंडवळणी पडलेलं होतं.

मागच्या बाजाराला मी त्याला हूॲमआय हा हुकूम सांगितला. हू, ॲम, आय, तिन्ही शब्द जोडून, मध्ये जागा न सोडता. मी कोण आहे? मी त्याला म्हटलं, बाकी सगळे हुकूम आहेत, पण हा नुसता प्रश्न आहे. यात कर म्हणणारं काही नाही. प्रश्न विचारणं हाच हुकूम. त्यानं जपून एकेक अक्षर दाबलं आणि हुकूम दिला. आवाजानं माझं नाव घेतलं.

त्यानं कान यंत्राकडे वळवला. मग म्हणाला, "हे तर तुमचंच नाव सांगून राहिलं."

ते बरोबर होतं. यंत्र माझं, माझ्या नावानं उघडलेलं. मी फोनवर भाईला विचारून, त्याच्या सांगण्यावरून, जीपवाल्यासाठी त्यात नवं खातं उघडलं. त्याचं नाव त्याच्या बायकोनं इंग्रजी अक्षरांत सांगितलं, एक अक्षर तिलाही नक्की माहीत नव्हतं, ते आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. त्याला त्या नावानं आत घेतलं आणि म्हटलं, आता विचारा.

त्यानं पुन्हा तीच अक्षरं दाबली. आवाजानं त्याचं नाव घेतलं, इंग्रजी वळणानं, मधला स्वर लांबवून. त्यानं आणखी एकदा विचारलं, आणखी एकदा ऐकलं.

"बराबर बोलत न्हाई," तो बायकोला म्हणाला, "पण माझंच हाय."

गोरेगावची जीप भरत आली होती, आमच्या माडीखालच्या रस्त्यावर हॉर्न वाजत होता. दोघं उठली. जिना उतरताना ती एका हातानं त्याचा दंड धरून होती आणि दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी होती, त्यातल्या मेथीचा वास मागं राहिला.